काळे कपडे, पांढरा हलवा

मला राग पटकन येतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात दोष जितका माझ्या गाडीच्या वेगाचा आहे, तितकाच माझ्या तोंडाचाही आहे. माहेरी मला सगळे 'फटाकडी' म्हणायचे. सासरी तोंडावर कुणी म्हणत नाही, एवढाच फरक.

मैंदर्गीच्या पुढं एका गावात सरकारी आरोग्य केंद्र आहे, तिथं मी औषधं देते. गोळ्यांच्या पुड्या बांधायच्या आणि गोळी दिवसातून किती वेळा घ्यायची ते सांगायचं. तिकडची निम्मी माणसं कानडी बोलतात. 'दिनक्क मूर सल', म्हणजे दिवसातून तीनदा, एवढं कानडी मला झोपेतही येतं. सोलापुरातल्या घरापासून तिथपर्यंत रोज पन्नासेक किलोमीटर जायचं आणि तितकंच यायचं. एसटीनं दहा वर्षं काढली. मग चाळिशी उलटल्यावर गाडी शिकले, एक जुनी छोटी गाडी घेतली आणि त्या दिवसापासून मी जगातली सर्वांत हुशार ड्रायव्हर झाले. आमच्या ह्यांना गाडी येत नाही. ते शेजारी बसतात आणि ब्रेक माझ्याऐवजी आपल्याच पायानं दाबत राहतात. मला त्याचा भयंकर राग यायचा.

हॉर्नवर माझी फार श्रद्धा होती. लांबून हॉर्न द्यायचा, समोरचा बाजूला होतो. झाला नाही तर चूक त्याची, असा माझा सरळ हिशेब. उसाच्या दिवसांत अक्कलकोट रोडला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर झोकांड्या देत चाललेले असतात. मी त्यांनाही हॉर्न मारत मारत मागं टाकायची आणि घरी येऊन आज पाऊण तासात आले म्हणून सांगायची. ऐकणाऱ्याला त्याचं कौतुक नसायचं.

आमची गल्ली तशी लहान. दोन्ही बाजूंनी मिळून तीसेक घरं, निम्म्या घरांपुढं दुचाक्या उभ्या. आमच्या समोर एक तेलुगू कुटुंब राहतं. तो यंत्रमागावर कामाला, ती घरी बसून टॉवेलच्या कडा शिवते. दिवसभर तिच्या मशीनची घरघर आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येते. तिची मुलगी, आम्ही सगळे तिला छोटी म्हणतो, तेव्हा साडेचार वर्षांची होती. छोटीची शाळा माझ्या जायच्या वाटेवर. जूनमध्ये मीच म्हटलं होतं की रिक्षा कशाला लावता, मी सोडत जाईन. रोज सकाळी पावणेआठला ती दप्तर पाठीवर घेऊन आमच्या फाटकापाशी उभी असायची. मागच्या सीटवर बसून वाटेतल्या प्रत्येक म्हशीला ती टाटा करायची.

आता सासूबाईंचं सांगते. मी त्यांना आत्या म्हणते. त्या माढ्याकडच्या, ज्वारीच्या रानात वाढलेल्या. बोलणं अजून तसंच, हाय आणि न्हायचं. लग्न होऊन सोलापुरात आल्या तेव्हा शेजारच्या बाईंनी त्यांना संक्रांतीचा हलवा करायला शिकवला, आणि त्या विद्येचा आत्यांना अभिमान इतका की दुसऱ्या कुठल्याही पदार्थाची तारीफ केलेली त्यांना चालते, हलव्याची नाही केली तर चालत नाही.

ज्यानं हलवा होताना पाहिलेला नाही, त्याला ते काम कळायचं नाही. शेगडीवर मंद निखारे, त्यावर परात. परातीत मूठभर साबुदाणा, खसखस किंवा तीळ. वरून चमचाभर साखरेचा पाक सोडायचा आणि हाताच्या बोटांनी ते दाणे फिरवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा चमचाभर. पुन्हा बोटं. असं सकाळ-संध्याकाळ तीन-चार दिवस. थंडी चांगली पडली असली तर दाण्यांना पांढरे शुभ्र बारीक काटे फुटतात. बोटं भाजतात, कंबर धरते, घरभर शेगडीचा धूर. मग त्या दाण्यांचे दोऱ्यात ओवून हार, बाजूबंद, बिंदी असे दागिने करायचे आणि गल्लीतल्या तान्ह्या बाळांच्या बोरन्हाणाला द्यायचे. काळं झबलं, त्यावर हे पांढरे दागिने, डोक्यावरून बोरं आणि चुरमुरे. फोटो काढून झाले की बाळ निम्मे दागिने खाऊन टाकतं.

मला हे सगळं बिनकामाचं वाटायचं. आत्यांचे गुडघे गेलेले, हिवाळ्यात खोकला, आणि चार दिवस स्वयंपाकघराच्या दारात शेगडी मांडून बसायच्या. मी ओलांडून येजा करायची आणि येता जाता टोमणे मारायची. बाजारात तयार दागिने मिळतात की, डब्यात बसतात, वाकडेतिकडेही नसतात. आत्या ऐकायच्या नाहीत. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या वर्षी गल्लीत दोनच तान्ही बाळं होती, म्हणून मला वाटलं यंदा तरी काम लवकर आटपेल. तर छोटी येऊन शेगडीपाशी बसली. तिचा जन्म लॉकडाऊनच्या वर्षातला. तिची पहिली संक्रांत आली तेव्हा गल्लीत कुणी कुणाच्या घरी जात नव्हतं, त्यामुळं तिचं बोरन्हाण राहिलं ते राहिलंच. आता बाळांचे दागिने बघून तिला स्वतःला हार हवा होता. ती रडली नाही, हट्टही केला नाही. नुसती परातीकडं बघत बसली दोन दिवस. हट्टापेक्षा ते जास्त अवघड असतं.

मी आत्यांना म्हटलं की पाचवं लागलं पोरीला, आता कसले तिचे हलव्याचे दागिने, झोपा आता. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, भाकऱ्या थापून झाल्यावर आत्या परत शेगडीपुढं बसल्या. परातीत राहिलेल्या सगळ्या दाण्यांवर पाकाचे शेवटचे हात फिरवले आणि छोटीच्या गळ्यातून पोटापर्यंत येईल असा दुपदरी हार ओवला. मी चिडून स्वयंपाकघरातला दिवा बंद केला होता, तर त्यांनी ओट्यावरची बॅटरी लावून ओवला. हे लिहिताना अजून मला लाज वाटते.

संक्रांतीला मला ड्युटी होती. गड्ड्याच्या, म्हणजे ग्रामदैवताच्या यात्रेची सुट्टी शहराला, आमच्या रुग्णांना कसली. त्यात दुपारी लसी आल्या, त्या शीतपेटीत लावून निघेपर्यंत सहा वाजले. वाटेत ट्रॅक्टर, शहराच्या तोंडाशी गर्दी, आणि आत आल्यावर यात्रेमुळं मधले रस्ते बंद. एक पोलीस मला डावीकडं जा म्हणाला, पुढचा म्हणाला डावीकडं का आलात. पंचवीस मिनिटं त्यातच गेली. घरी वाण द्यायला बायका येऊन बसलेल्या असणार आणि ह्यांचे तीन मिस्ड कॉल. अशा डोक्यानं मी आमच्या गल्लीत वळले तेव्हा साडेसात वाजत आले होते.

संक्रांतीच्या संध्याकाळी आमच्याकडं पोरं घरोघर फिरतात. हातात स्टीलची छोटी डबी, तिच्यात तिळगूळ. दार वाजवायचं, 'तिळगूळ घ्या, गोड बोला' म्हणायचं, दोन दाणे द्यायचे, चार घ्यायचे, मोठ्यांच्या पाया पडायचं की पुढचं दार. कुणाची डबी आधी भरते याची शर्यत असते, त्यामुळं कुणी चालत नाही, सगळी पळतात. या बाजूच्या दारातून त्या बाजूच्या दारात, मधला रस्ता म्हणजे त्यांना अंगणच. हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी मीही अशीच पळाले आहे.

आणि संक्रांतीला आपण काळे कपडे घालतो. वर्षभर सणाला काळं नको म्हणणाऱ्या आयासुद्धा त्या दिवशी पोरांना काळा फ्रॉक, काळा शर्ट, काळं परकर-पोलकं घालून नटवतात. थंडीत काळं उबदार, असं सांगतात. उसाच्या ट्रॉलीलासुद्धा मागून दिसावं म्हणून लोक लाल चमकता कागद चिकटवतात. आम्ही मात्र आमची पोरं अंधार पडताना काळ्या कपड्यांत रस्त्यावर सोडतो आणि दारात उभं राहून कौतुकानं बघतो. गल्लीतले दोन दिवे तर दिवाळीपासून बंद होते.

मी हॉर्न देत आत शिरले. वेग फार नव्हता, तीसच्या आसपास असेल, पण त्या गल्लीला तो फार होता. दोन्ही बाजूंना पाहुण्यांच्या दुचाक्या लावलेल्या. आमचं घर सहा-सात दारं पुढं राहिलं होतं. तेवढ्यात गाडीच्या उजेडात मला एक पांढरी माळ दिसली. नुसती माळ. डावीकडच्या दोन दुचाक्यांच्या मधून ती निघाली आणि जमिनीपासून दोन हातांवर हलत हलत माझ्या पुढ्यात आली. तिच्याभोवती मूल आहे हे मला दिसलं नाही. काळा फ्रॉक, काळी विजार, काळे केस, सगळं अंधारात मिसळलेलं. काय आहे ते कळायच्या आधी पाय ब्रेकवर गेला. गाडी गचका खाऊन बंद पडली.

मी उतरले. छोटी बंपरपासून वीतभर अंतरावर उभी होती. डबी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. तिला कुठं काही लागलेलं नव्हतं. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती, असं म्हणतात ते मी त्या क्षणी डोळ्यांनी पाहिलं.

दुसरी कुणी बाई असती तर तिनं पोरीला उचलून छातीशी धरलं असतं. मी तिच्यावर ओरडले. डोळे आहेत की नाहीत, हॉर्न ऐकू येत नाही का, असं काय काय. भीती वाटली की माझं असंच होतं, तिचा राग होऊन बाहेर पडतो. छोटीची हनुवटी थरथरायला लागली. काय करावं तिला कळेना. त्या संध्याकाळी सगळ्या मोठ्या माणसांना म्हणायचं एकच वाक्य तिला पाठ होतं, ते ती म्हणाली.

"तिळगूळ घ्या, गोड बोला."

आणि डबी पुढं केली. मी दोन दाणे घेतले. त्यातला एक खाली पडला.

इथंही मी शहाणी झाले नाही. छोटीला हाताला धरून तिच्या घरी नेलं. तिची आई बायकांना हळदीकुंकू लावत होती. तिच्या हातात करंडा, दारात पाचसहा बायका. त्यांच्यादेखत मी तिला म्हटलं की पोरगी रस्त्यावर पळतेय, तुझं लक्ष असतं कुठं, एवढीशी पोर एकटी सोडतात का. गाडीचं एक अक्षर मी बोलले नाही. ती खाली मान घालून म्हणाली, "हो ताई, चुकलं." मी मागं वळले, गाडी सुरू केली आणि सहा दारं ओलांडून माझ्या घरापुढं लावली.

बायका गेल्यावर आत्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. बायकांना कुंकू लावायचंही विसरलीस, काय झालं, म्हणून विचारलं. आत्यांपुढं खोटं बोलणं मला कधी जमलेलं नाही. सगळं सांगितलं. त्यांनी पोळीचा तवा खाली उतरवला, गॅस बंद केला आणि पाटावर बसल्या. मला वाटलं आता म्हणतील, हार मी केला म्हणून वाचली. तुझं ऐकलं असतं तर काय झालं असतं, असं म्हणतील. मी त्याची वाटच बघत होते. त्या तसं काहीच म्हणाल्या नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. एवढंच म्हणाल्या, "तिच्या आईला सांग. मला सांगून काय उपेग न्हाय."

मी उद्या सांगते म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला छोटी दप्तर घेऊन आमच्या फाटकापाशी उभी. रोजच्यासारखी. तिच्या आईनं दारातून हात केला आणि आत गेली. मी मनात म्हटलं, म्हणजे हिला कळलेलं नाही, पोरीनं काही सांगितलेलं दिसत नाही. आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. मग ते हायसं वाटणं मला दिवसभर छळत राहिलं.

त्या दिवसापासून माझं गाडी चालवणं बदललं. ठरवून काही केलं नाही, पायच तयार होईना. गल्लीच्या तोंडाशी आले की खिडकीची काच खाली करायची, गाण्यांचा आवाज बंद, माणूस चालतो त्या वेगानं आत यायचं. उभ्या दुचाकी दिसल्या की मला त्यांच्यामधून काहीतरी निघणार असंच वाटायचं. हॉर्नवरची श्रद्धा उडाली. ज्याला हॉर्न म्हणजे काय हे कळत नाही, त्याच्यापुढं हॉर्न वाजवून काय होतं? त्यापेक्षा थांबावं. ट्रॅक्टरच्या मागं मी दोन-दोन मैल जाऊ लागले. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर म्हणायच्या, मॅडम, बैलगाडी घेतलीत की काय? आमचे हे शेजारी बसून पहिल्यांदाच डुलक्या काढू लागले.

छोटीच्या आईला मात्र मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. समोर तिचं मशीन सुरू झालं की मी स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायची. चोराच्या मनात चांदणं. ती भेटली आणि साधं हसली तरी मला वाटायचं, हिला कळलंय. नुसती 'जेवलात का ताई' म्हणाली तरी वाटायचं, काहीतरी सुचवतेय. एकदा तिनं गरम पुरणाच्या पोळ्या पाठवल्या, त्या मला गिळवेनात. महिन्यातून एकदा आत्या विचारायच्या, सांगितलंस का? मी नाही म्हणायची. त्या 'बरं' म्हणून जपाची माळ उचलायच्या. भांडल्या असत्या तर मी तरी भांडून मोकळी झाले असते.

असं करत वर्ष गेलं. पौषातली थंडी पडली आणि एका सकाळी आत्यांनी शेगडी काढली. मोजायला बसल्या. गल्लीत दहा वर्षांच्या आतली किती पोरं आहेत? मी म्हटलं असतील एकवीस-बावीस. तर म्हणाल्या, बावीस हार करायचे. तान्ह्याला बी आन् चौथीतल्याला बी. एकट्या बाईचं ते काम नव्हतं आणि आता त्यांच्या बोटांत जोरही राहिलेला नव्हता, दाणे फिरवताना थांबत होत्या. मी पदर खोचून शेगडीपुढं बसले. पहिल्याच चमच्याला बोट पोळलं. पाक जास्त पडला तर दाण्यांचा गोळा व्हायचा, कमी पडला तर काटा यायचा नाही. मी वैतागले की आत्या माझं मनगट धरून हात फिरवून दाखवायच्या. "घाई करू नगं. त्येला त्येचा येळ लागतुया," म्हणायच्या. पाच दिवस आम्ही दोघी तिथं बसलो. लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली, पण इतका वेळ आम्ही एका जागी न भांडता कधी बसलो नव्हतो. त्यांची बोटं टोकांना कायमची बोथट झालेली आहेत, हे मला तेव्हा दिसलं. गेल्या वर्षीच्या त्या हारासाठी मी त्यांच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "आता उठ, पाक करपंल."

भोगीच्या दुपारी मी घरोघर हार देत गेले. कशाला, असं प्रत्येकानं दारात विचारलं. मी म्हटलं, काळ्या कपड्यांत पोरं दिसत नाहीत, गाडीवाल्याला एवढं तरी दिसेल. एका आजोबांनी विचारलं की गाड्या येऊच दिल्या नाहीत तर? मला हे सुचलंच नव्हतं. मग त्यांनीच पुढाकार घेतला. संक्रांतीला संध्याकाळी सहा ते नऊ गल्लीच्या दोन्ही तोंडांना बाकडी आडवी लावायची, आपल्या गाड्याही बाहेरच्या मैदानात ठेवायच्या, असं ठरलं. बाकड्यापाशी येणाऱ्या-जाणाऱ्याशी वाद घालायला माणूस हवं होतं. सगळ्यांनी एकमतानं माझं नाव सुचवलं. इतक्या वर्षांत माझ्या तोंडाचा गल्लीला पहिल्यांदा उपयोग झाला.

छोटीचा हार द्यायला मी सर्वांत शेवटी गेले. सांगायचं ठरवूनच गेले होते. तिच्या आईनं हार डोळ्यांना लावला, चहा ठेवते म्हणाली. मशीनवर टॉवेलांचा ढीग होता, उद्यापर्यंत द्यायचे होते. मी म्हटलं चहा नको, आणि तशीच परत आले.

संक्रांतीच्या संध्याकाळी मी रजा टाकली होती. सहाला बाकडं आडवं लावलं, त्याच्यावरच बसले. आत्यांना दारात खुर्ची दिली. यात्रेमुळं मधले रस्ते यंदाही बंद, त्यामुळं आमच्या गल्लीतून वाट काढायला मोटारसायकली आणि रिक्षा येत राहिल्या. बहुतेक जण निमूट वळले. एकजण म्हणाला, गल्ली काय बापाची आहे का? मी त्याला म्हटलं, खाली उतर, गाडी हातानं ढकलत ने, तिळगूळही देते. तो खरंच उतरून ढकलत गेला, आणि पलीकडच्या टोकाला पोरांनी त्याला गाठून तिळगूळ दिला.

अंधार पडल्यावर मी गल्लीकडं तोंड करून बसले. काळ्या कपड्यांतली पोरं दिसत नव्हती, पण हार दिसत होते. बावीस पांढऱ्या माळा या दारातून त्या दारात पळत होत्या. मध्येच एखादी थांबायची, कारण तिचा मालक हार खात उभा असायचा. मला रडू आलं. कुणी बघत नव्हतं म्हणून रडून घेतलं.

साडेसातच्या सुमारास छोटीची आई टॉवेलांचं काम संपवून आली आणि माझ्याशेजारी बाकड्यावर बसली. नवी काळी साडी नेसली होती. मी तिच्याकडं न बघता बोलायला लागले. गेल्या वर्षी याच वेळी मी गाडी जोरात आत आणली, छोटी माझ्या गाडीखाली येता येता वाचली, आत्यांचा हार दिसला म्हणून वाचली. आणि मी तुला ते न सांगता उलट तुलाच चारचौघींत बोलले. वर्षभर सांगेन म्हणते आणि सांगितलं नाही. एका दमात सगळं बोलून टाकलं.

ती म्हणाली, "मला म्हाईत हाय की ताई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

त्याच रात्री छोटीनं तिला सगळं सांगितलं होतं. गाडी कशी आली, कशी गचकन थांबली, काकू कशा ओरडल्या. जेवताना सांगितलं, झोपताना पुन्हा सांगितलं. तिच्या नवऱ्याला रात्रीच आमच्याकडं भांडायला यायचं होतं, तिनं त्याला दारात अडवलं. सकाळी तो म्हणाला रिक्षा लाव, आता त्या बाईच्या गाडीत पोरीला पाठवायचं नाही.

"मग पाठवलीस कशी?" मी विचारलं.

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. म्हणाली, "गाडीचं मला काय लागलं न्हाई ताई. गाडी कुणाच्याबी हातनं जाती. तुमी बायकांदेखत मला बोललात, लक्ष न्हाई म्हनून, ते लागलं. वर्षभर लागलंय."

मी तिचे दोन्ही हात धरले. सुईनं टोचून टोचून खरखरीत झालेली बोटं होती ती. चुकलं, म्हटलं. माफी मागितली. बाजूनं पोरं पळत होती, एकीनं माझ्या मांडीवर तिळगुळाचे चार दाणे ठेवले आणि गेली. त्या घटकेला मला जितकं ऋणी वाटलं, तितकं आजवर कुणाहीपुढं वाटलेलं नाही. देवापुढंही नाही.

थोड्या वेळानं तिनं एक हात सोडवून डोळे पुसले आणि राहिलेलं उत्तर दिलं.

"घरच्यांना मी काय म्हनलं सांगू? म्हनलं, रिक्षावाला कसा चालवतो मला ठावं न्हाई. आजपासनं आख्ख्या सोलापुरात सगळ्यात जपून गाडी कोन चालवनार, ते मला ठावं हाय. माजी पोरगी तिच्याच गाडीतनं जानार."